तिसऱ्या दिवशी मशीन मागायला

मिस्त्री, मंगळवारी तुमी गेलात आणि गुरुवारी सकाळी मी तुमच्या दारात उभी होते. तुमची माणसं नुकतीच राख सावडून आली होती. दारात पाण्याची बादली, लिंबाचा पाला, फरशीवर ओल्या पायांचे ठसे. तुमच्या संतोषनं मला बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. अंबादास मिस्त्रीच्या हाताखालची बाई तिसऱ्या दिवशी कुणाच्या घरी उगं भेटायला जात नसते, हे तुमच्या पोराला चांगलं ठाऊक होतं.

मी सगळं तुमी शिकवल्यासारखं केलं. चप्पल बाहेर काढली. फोटोसमोर हात जोडले. खाली सतरंजीवर बसले, पाणी प्याले. आता मेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे, चहा आला तर नको म्हणायचं नाही, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारायचं, "मग, मशीनीचं काय करायलात?" चौदा वर्षं तुमच्या शेजारी बसून हे मी ऐकलं. पण गुरुवारी ते दोन चांगले शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. चहा यायच्या आधीच मी म्हणलं, "काकू, मिस्त्रीच्या खाटंखालचा पत्र्याचा डबा पाहिजे."

बाहेरच्या माणसाला हे ऐकून शिसारी येईल. येऊ दे. आपण चाळीस-चाळीस वर्षं जुन्या लाकूड कापायच्या मशीनी दुरुस्त करायचो. स्वीडनच्या केशरी मशीनी, कुठल्या कुठल्या लिलावातून आपल्या जिल्ह्यात आलेल्या. त्यांचे भाग आता कुणी बनवत नाही, कुठल्या दुकानात मिळत नाहीत. एका मशीनीला पिस्टन पाहिजे असंल तर दुसरी मशीन उघडावी लागते, आणि ती दुसरी मशीन कुणीतरी मेल्याशिवाय हाती लागत नाही. पहिल्या दिवशी घरच्यांना शुद्ध नसते. दहाव्यापर्यंत थांबलं तर मेव्हणा नाहीतर चुलतभाऊ मशीन भंगारात घालून मोकळा होतो. म्हणून तिसरा दिवस. हे गणित तुमचं. पेपर आला की तुमी आधी निधनाच्या बातम्या वाचायचात, बोट ठेवून. "मानवतचा गेला की गं," म्हणायचात. "त्याच्याकडं मोठ्या सिलिंडरची होती." माणसाचं नाव नंतर आठवायचं.

तुमी सगळ्यांना गावाच्या नावानंच हाक मारायचात. ए सेलू, ए पाथरी, ए पोखर्णी. मी वालूर. चौदा वर्षांत एकदा तरी सुमन म्हणालात का? आठवत नाही मला. दवाखान्यात नाकात नळी घातलेली होती तेव्हाही मला बघून तुमी म्हणालात, "आली का वालूर."

आपल्या पहिल्या भेटीचा विषय तुमी कधी काढला नाहीत, मीही काढला नाही. तो आज काढते. माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा तिसरा दिवस होता. वालूरच्या आमच्या घरात सगळे बसलेले. माझी प्रज्ञा सहा वर्षांची, तिला कुणीतरी शेजारी नेलं होतं. आणि तुमी आलात, पांढरा शर्ट, खिशात पेन, कानात कापूस. बसलात. चहा प्यालात, बिस्कीट बुडवून. मग म्हणालात, "मिलिंद हिकमती पोरगा होता. मशीनीचं काय करायलात?"

मी काय काय बोलले ते माझ्या सासूनं नंतर मला सांगितलं, मला स्वतःला आठवत नाही. तुमच्या सात पिढ्या काढल्या म्हणे. तुमी कप खाली ठेवला नाही, वर बघितलं नाही. ऐकत राहिलात. शेवटी मीच न्हाणीतून मशीन ओढत आणली आणि तुमच्या पायापुढं टाकली. तिच्यावरचं रक्त अजून कुणी पुसलं नव्हतं. "घेऊन जा," मी म्हणलं, "माझ्या डोळ्यापुढून घेऊन जा." तुमी ती पोत्यात घातली, गाडीला बांधली, आणि जाताना म्हणालात, "काम लागलं तर परभणीला या, बाई. स्टेशनच्या मागं कुणालाही विचारा." मला वाटलं, किती निर्लज्ज माणूस हाय हा. आता वाटतं, त्या दिवशी मी तुमच्यासारखा घाईतला माणूस दुसरा बघितला नव्हता.

कारण मशीन पोलिसांनी बघितली होती, पण वरून, न उघडता. पंचनाम्यात लिहिलं, पुढच्या मुठीसमोरची काळी पट्टी जागेवर, म्हणजे ब्रेक जागेवर. आणि मिलिंदच्या पिशवीत दारूची बाटली निघाली. झालं. पिऊन मशीन धरली, मशीन उसळली, मानेला लागली. गावानं हे एका सकाळीत ठरवलं. मिलिंद प्यायचा. मी खोटं बोलणार नाही, रविवारी प्यायचा आणि प्याला की गाणी म्हणायचा. पण मशीन धरायच्या दिवशी थेंब घ्यायचा नाही. त्या बाटलीचं सील फुटलेलं नव्हतं. ते कोण बघतो? चिंचेच्या आडव्या बुंध्याजवळ तो पडला आणि मशीन बाजूला पडून चालूच राहिली, पेट्रोल संपेपर्यंत. तुमीच ट्यून केलेली मशीन होती, बंद कशाला पडेल.

महिन्याभरानं मी तुमच्या दुकानात आले, ते पोटासाठी. दुसरं काही नाही. तुमी वर न बघता एक कानस दिलीत आणि चेनचे दात दाखवले. चूक झाली की बोटावर पाना मारायचात. माझं हे डाव्या हाताचं बोट अजून सरळ होत नाही. पण काय शिकवलंत मिस्त्री! डोळे मिटून रस्सी ओढून मशीन चालू करायची आणि आवाजावरून सांगायचं, हवा जास्त खायलीय का तेल. पेट्रोलमध्ये तेल किती पडलंय ते दोन बोटांवर चोळून ओळखायचं. स्वतः तुमी निम्मे बहिरे, तरी मशीनीची खोकल्याएवढी चूक तुमाला ऐकू यायची आणि बायकोची हाक यायची नाही. नवी चायनाची मशीन कुणी आणली की तुमी तिला हात लावायच्या आधी हात धुवायचात. लावल्यावर नाही, आधी. "खेळणं हाय ते," म्हणायचात, "त्याला माझ्या हाताचं तेल कशाला?" मी हसायचे. तुमच्यासोबत मी लय हसले, हेही खरं आहे, आणि आता त्याचीच जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवसांना तुमी मला बरोबर न्यायला लागलात. मला वाटलं, शिकवायलात. एकदा गाडीवर तुमीच सांगून टाकलं, "बाई सोबत असली की बायका लवकर देतात." खरंच द्यायच्या. जिंतूरकडची एक बाई आठवते. तिनं मशीन लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, लेकरासारखी. ती तुमच्याकडं बघायला तयार नव्हती, माझ्याकडं बघितलं, माझं मोकळं कपाळ बघितलं आणि लुगड्यासकट माझ्या मांडीवर ठेवली. "तुमाला कळंल," म्हणाली. बाहेर आल्यावर तुमी लुगडं सोडलंत, मशीन हलवून बघितलीत आणि म्हणालात, "सिलिंडर चांगला हाय." त्या सिलिंडरवर माझ्या प्रज्ञाचं बारावीचं वर्ष निघालं. कुणाला शिव्या द्यायच्या, सांगा आता.

सुट्या भागांची तुमची एक रीत होती. काढलेल्या प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, नाव, काय काढलं. मेलेल्या माणसाच्या मशीनीतला भाग असंल तर पांढरा दोरा. जित्या माणसाचा असंल, म्हणजे काही अडचणीपायी काढून ठेवलाय आणि पुन्हा त्यालाच बसवून द्यायचाय, तर लाल दोरा. पांढरं आपलं, लाल परक्याचं. यात तुमी कधी चूक केली नाहीत आणि मला करू दिली नाहीत. पांढऱ्या दोऱ्याचे भाग दुकानात फळीवर असायचे. लाल दोऱ्याचा डबा तुमी घरी न्यायचात, खाटंखाली ठेवायचात. "लोकांची अमानत हाय, दुकानात चोऱ्या होतात," म्हणायचात. माझ्या हातून चिठ्ठी बांधलेला भाग घेऊन तुमी खिशात टाकायचात आणि तो पुन्हा मला कधी दिसायचा नाही.

ब्रेकवरून आपलं भांडण तिसऱ्या वर्षी लागलं. आठवतं का? एक ठेकेदार मशीन घेऊन आला. तिच्या ब्रेकची स्प्रिंग तुटली होती. या मशीनीत क्लचभोवती एक पोलादी पट्टा असतो. मशीन उसळून तोंडाकडं आली की हाताचं मनगट काळ्या पट्टीवर आपटतं, स्प्रिंग सुटते, पट्टा आवळतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चेन थांबते. स्प्रिंग तुटली की पट्टा मध्येच आवळून बसतो आणि मशीन चालतच नाही. ठेकेदाराला त्याच दिवशी झाड पाडायचं होतं. तुमी मला म्हणालात, "पट्टा काढून टाक. काळी पट्टी तशीच राहू दे."

"म्हंजी बाहेरून ब्रेक दिसणार आन् आत काहीच न्हाई?" मी विचारलं.

"गिऱ्हाईकाला मशीन चालू पाहिजे. थांबायची अक्कल ज्याची त्यानं ठेवायची."

मी पाना खाली ठेवला.  मी विचारलं, "मिस्त्री, मिलिंदच्या मशीनीत पट्टा होता का?"

तुमी प्लग साफ करायला लागलात. "होता," म्हणालात. प्लग आधीच साफ होता.

"तुमी उघडली ना ती मशीन. मला दाखवा."

"तिचे भाग पाच मशीनीत गेले. आता काय दाखवू?"

 मी दरवर्षी एकदा विचारायचे, मिलिंद गेला त्या दिवसाच्या आसपास, आणि तुमी दरवर्षी होता म्हणायचात. एका वर्षी चिडून म्हणालात, "अगं, पिणाऱ्याला ब्रेक काय करणार हाय?" मिस्त्री, बोटावर मारलेले सगळे पाने मी विसरले. हे एक वाक्य विसरले नाही. तरी दुसऱ्या दिवशी कामावर आले. मग हळूहळू मीही पट्टे काढायला शिकले. आधी एका पट्ट्याला अर्धा तास लागायचा, मग पाच मिनिटं.

प्रज्ञा नववीत असताना एकदा दुकानात आली होती. शाळेत कुणी काहीतरी बोललं होतं. ती तुमच्या समोरच म्हणाली, "पप्पा पिऊन मेले तर मी काय करू? माझ्यावर कशाला बोलतात?" तुमी रस्सी ओढलीत आणि मशीन फुल्ल सोडलीत. पोरगी बोलत राहिली, तिचे ओठ हलायलेत एवढंच दिसत होतं. मला वाटलं, या माणसाच्या छातीत काळीज नाही. प्रज्ञानं घरी जाऊन बापाचा फोटो भिंतीवरून काढला आणि ट्रंकेत घातला. या गुरुवारपर्यंत तो ट्रंकेतच होता. मी पुन्हा लाव म्हणलं नाही, कारण माझ्याकडं काही सबूत नव्हता. "पप्पांनी त्या दिवशी घेतली नव्हती," असं आई म्हणते, आणि सगळ्याच बायका तसं म्हणतात.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या भेटीत तुमी मला जवळ बोलावलंत. नर्सला बाहेर जायला सांगितलंत. म्हणालात, "वालूर, एक काम कर. माझ्या खाटंखालचा डबा उघडू नको. तसाच भंगारात घाल."

मी हो म्हणलं. पण बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. गंजलेला नट भंगारात जाऊ न देणारा माणूस. पंक्चरच्या दुकानातून फेकलेले वॉशर उचलून आणणारा माणूस. मरता मरता लोकांची अमानत भंगारात घाल म्हणतो. तुमी मला आवाजावरून आतला दोष ओळखायला शिकवलंत मिस्त्री. तुमचा आवाज मी चौदा वर्षं ऐकला होता.

म्हणून गुरुवारी मी डबा मागितला. काकूंनी संतोषला खूण केली. संतोषनं ओढून अंगणात आणला. मी तिथंच पत्र्यावर बसून उघडला. वर सगळे लाल दोरे. एकाखाली एक, पट्टेच पट्टे. सगळ्यात तळाला, तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला एक पट्टा होता. दोरा विटून गुलाबी झालेला, पण लालच. चिठ्ठीवर तुमचं ते टपोरं अक्षर. वालूर. मिलिंद. ब्रेक काढला. स्प्रिंग मिळाली की बसवणे.

लाल दोरा, मिस्त्री. तो जिता होता तेव्हा काढलेला.

मी काय केलं सांगू? मी हसले. काकू घाबरल्या. मला वाटलं होतं मी ओरडेन, डबा फेकेन, तुमचा हार घातलेला फोटो फोडेन. त्याऐवजी मी हसले, कारण तुमाला दोरा बदलता आला असता. चौदा वर्षांत एकदा कात्री घेऊन लाल दोरा काढून पांढरा बांधला असता, तर मला काही कळलं नसतं. पट्टा विहिरीत टाकता आला असता. तुमी खोटं माझ्या तोंडावर बोललात, पण चिठ्ठीवर खोटं लिहायला तुमचा हात उचलला नाही. असल्या इमानाचं मी काय करू? लोणचं घालू?

काकू माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मिलिंदची मशीन घेऊन वालूरहून आले तवापासून ते दोन दिवस जेवले न्हाईत बाई."

"माझा नवरा चौदा वर्षं जेवला न्हाई, काकू," मी म्हणलं. मग मलाच वाईट वाटलं. त्यांचा काय दोष. पण शब्द परत घेतला नाही, घेणारही नाही.

एक गोष्ट मला कधीच कळणार नाही, आणि ती तुमी बरोबर घेऊन गेलात. पट्टा काढा असं कोण म्हणालं? मिलिंद म्हणाला असंल. मी ओळखते त्याला. "काढा मिस्त्री, काम अडलंय, पुन्हा बघू." त्याच्या तोंडी हे वाक्य मला ऐकू येतं. का तुमी म्हणालात, "चालतंय तसंच, ने"? तेही मला ऐकू येतं. तुमी दोघंही तसलेच. पण त्याचं वय अठ्ठावीस होतं आणि तुमचं पन्नास, आणि पाना तुमच्या हातात होता. मला काम दिलंत, बोटं मोडून शिकवलंत, पोरगी शिकली, याला मी तुमचे उपकार म्हणत आले. ते उपकार नव्हते. तुमी मला चौदा वर्षं रोज समोर बसवून घेतलंत, ही तुमी स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि ती भोगताना मला काय वाटंल याचा तुमी विचार केला नाहीत. आणि तरीही सांगते, मंगळवारी खबर आली तेव्हा मी रडले. माझ्या बापासाठी रडले नव्हते तेवढी रडले. हे मंगळवारचं तुमाला सांगायचं राहिलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंकडून मी अजून एक वस्तू मागितली. तुमची स्वतःची मशीन. तीच केशरी, तेच मॉडेल, कापडात झाकलेली. तिचा ब्रेक चांगला होता, पट्टा, स्प्रिंग, सगळं. दरवेळी स्प्रिंगची अडचण आली की मी म्हणायचे, "तुमच्या मशीनीतली काढू का?" आणि तुमी हसून म्हणायचात, "हिला हात लावू नको. मला अजून जगायचंय." केवढा मोठा विनोद होता तो. आपण दोघंही हसायचो. मी काकूंच्या समोरच ती उघडली आणि स्प्रिंग काढून घेतली. चिठ्ठी लिहिली. परभणी, अंबादास, स्प्रिंग. पांढरा दोरा बांधला.

तुमच्या अंगणातनं डबा घेऊन मी थेट कृषी विद्यापीठात गेले. प्रज्ञा तिथं शिकते आता. कँटीनमागच्या झाडाखाली मी तिच्या हातात तो पट्टा दिला आणि चिठ्ठी वाचायला लावली. "बघ," मी म्हणलं, "तुझा बाप प्यालेला नव्हता. मशीनीत ब्रेकच नव्हता. बघ, लाल दोरा हाय." माझा आवाज चढला होता. पोरं वळून बघायली होती. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं, मी कशाला हळू बोलू?

तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. पट्ट्यावरून बोट फिरवलं. रडली नाही. म्हणाली, "संध्याकाळी पप्पांचा फोटो ट्रंकेतून काढू." मग ती डब्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या बघायला लागली, एक-एक उचलून. मला वाटलं उगं चाळायलीय. सहा पट्टे तिनं बाजूला काढून ओळीनं ठेवले.

"आई," ती म्हणाली, "हे अक्षर तुझं हाय."

मिस्त्री, मला ते माहीत नव्हतं असं नाही. मीच काढले होते, मीच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, स्प्रिंग मिळाली की बसवणे, अगदी तुमच्याच शब्दांत. तुमच्या हातात दिल्या आणि डोक्यातून गेल्या. कुठल्या गावची मशीन आज कुठल्या रानात चालायलीय, याचा एकदाही विचार आला नाही. विधवा बाईच्या डोक्यात. ब्रेकवरून भांडलेल्या बाईच्या.  प्रज्ञानं सगळ्यात वरची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. पोखर्णी. बालाजी. मागच्या थंडीतली. "एवढी बाभूळ पाडू द्या बाई, मग बसवा," असं तो म्हणाला होता. मी बरं म्हणलं होतं.

माझ्याकडं स्प्रिंग एकच आहे, तुमची. माझ्या हातचे पट्टे सहा. बाकीच्या पाचांना मी फोन केले. तिघं हसले. एक म्हणाला, बाई, वर्षभर चालायलीय की मशीन, काही झालं का? पाचव्यानं फोन उचलला नाही. काल सकाळी मी पट्टा आणि स्प्रिंग पिशवीत घातली आणि पोखर्णीची बस धरली. बालाजीचं घर नरसिंहाच्या देवळाच्या अलीकडं आहे. त्याची बायको अंगण झाडायली होती. कडेवर लेकरू होतं.

तिनं मान वर केली, मला ओळखलं आणि तिच्या हातातला झाडू गळून पडला. मिस्त्री, आपण किती गावं फिरलो चौदा वर्षं. या बाईनं मला तिच्या सासऱ्याच्या तिसऱ्या दिवशी बघितलं होतं, तुमच्या शेजारी चहा पिताना. तिनं लेकराला छातीशी धरलं आणि एक पाऊल मागं सरकली.

"आमच्यात कुणी मेलं न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी कशाला आलात?"

"म्हणूनच आले," मी म्हणलं. "मालक कुठं हायेत?"

 तिनं रानाकडं हात केला. तिकडून मशीनीचा आवाज येत होता, आणि मी पिशवी उचलून त्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागले.